श्रवण ऐकताना

नमस्कार मंडळी! हर्णै बंदरावर उभा आहे. मागे होड्यांची इंजिनं सुरू आहेत, तेवढा आवाज चालवून घ्या. ऑक्टोबरची संध्याकाळ, साडेसात वाजलेत. मान वर करा. एका ओळीत तीन तारे, मधला ठळक. ही श्रवणबाळाची कावड, आणि तो मधला श्रवण. ज्या पौर्णिमेला इथे दर्याला नारळ वाहतात, तो श्रावण महिना याच नक्षत्राच्या नावाचा.

गंमत बघा. नाव श्रवण, आणि शास्त्रज्ञ त्याला खरोखरच ऐकत बसलेत.

आमची आजी फणस झाडावरच थापटायची. टणटण वाजला की "राहू दे", बदबद वाजला की "काढ". फणस निदान कापून खात्री करता येते, ताऱ्याचं काय? पण त्याच्या पोटातही लाटा घुमत असतात. त्यामुळे तो किंचित फुगतो, आकसतो, आणि उजेड कमीजास्त होतो. श्रवणाचा मुख्य ठोका साधारण दीड तासाचा, आणि उजेडातला फरक हजारात एका भागाहूनही कमी. नुसत्या डोळ्यांना काय दिसणार, कपाळ!

हे पकडलं वायर नावाच्या उपग्रहाने. 1999 साली तो सोडला आणि थोड्याच दिवसांत दुर्बीण गार ठेवणारा गोठवलेला हायड्रोजन उडून गेला. मोहीम बुडाली. पण दिशा धरण्यासाठी बसवलेली चिमुकली दुर्बीण शाबूत होती, भिंग जेमतेम 5 सेंटिमीटरचं. तिलाच कामाला लावलं, आणि 2005 साली श्रवणाचे 7 सूर, म्हणजे 7 वेगवेगळ्या गतींचे ठोके, प्रसिद्ध झाले. जाळं गेलं तर गळ टाकायचा, हे आपल्याकडे कोणालाही समजेल.

सूर मिळाले, पण कुठला सूर कुठल्या लाटेचा, हे ओळखायचं कसं? घोडं इथे अडतं. सूर्याला स्वतःभोवती फिरायला सुमारे 25 दिवस लागतात. श्रवण साधारण आठ तासांत गिरकी घेतो! त्यामुळे तो गोल राहिलेलाच नाही. दोन तळव्यांत दाबलेल्या रव्याच्या लाडवासारखा चपटा झालाय. मधला घेर ध्रुवांच्या मानाने वीस टक्क्यांहून जास्त फुगलेला. 2007 साली त्याच्या पृष्ठभागाचं चित्रच मिळालं: ध्रुवाकडे तापलेला, उजळ, विषुववृत्ताकडे त्या मानाने थंड, मंद.

संथ, गोल ताऱ्यात गिरकीमुळे एकेक सूर फुटतो आणि सारख्या अंतरावरचे अनेक सूर होतात. अंतर मोजलं की गिरकी कळली. चपट्या ताऱ्यात ते अंतर सारखं राहतच नाही. शिवाय कोरिऑलिस बल. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं, आठवतंय ना? त्याच्या वाऱ्यांना वळवून भोवरा करणारं बल तेच. ताऱ्याच्या पोटात ते लाटांना वळवतं. मग काही लाटा ठरावीक पट्ट्यातच येरझारा घालतात, काही विजापूरच्या गोल घुमटातल्या कुजबुजीसारख्या कडेकडेने सरकतात, आणि काहींच्या वाटेला धरबंदच नाही.

पण हीच वाकडी वाट कधीकधी आतली खबर देते. सूर्यापेक्षा थोडे जड असे गॅमा डोराडस जातीचे तारे आहेत. त्यांच्यातल्या लाटा गाभ्याच्या कडेपर्यंत खोल जातात. केपलर दुर्बिणीने चार वर्षं एकाच दिशेला नजर लावून त्यांचे ठोके टिपले. या ठोक्यांचे कालावधी ओळीने मांडले की लागोपाठच्या दोन कालावधींमधला फरक क्रमाक्रमाने घटत जातो, आणि तो किती झपाट्याने घटतो यावरून गाभ्यालगतची गिरकी काढता येते.

आणि निघालं काय? बहुतेकांचा गाभा आणि वरचा भाग जवळजवळ एकाच वेगाने फिरतोय. जुन्या गणिताप्रमाणे गाभा बराच पुढे पळायला हवा होता. म्हणजे आत काहीतरी त्याला ब्रेक लावतंय. चुंबकत्व, की या लाटाच? वाद चालू आहे.

अरे, मागची एक होडी सुटली! दोर माझ्या पायाखाली आहे, मी आधी बाजूला होतो.