पिट्युटरीची गाठ शोधताना

श्रोतेहो, नमस्कार. बोटातली अंगठी घट्ट होऊ लागली, चपलेचा नंबर वाढला, किंवा बाळाला पाजत नसतानाही स्तनांतून दूध येऊन पाळी चुकू लागली, तर संशय मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीवर, म्हणजेच पिट्युटरीवर जाऊ शकतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. वाढ, दूध, पाळी यांवर ताबा ठेवणारी संप्रेरके (हार्मोन्स) बनवणारी ही ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी असून नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या हाडातील खोबणीत बसलेली असते. तिच्यावर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात आणि दोन्ही अंगांनी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. येथील गाठ बहुधा कर्करोगाची नसते. पण ती वर सरकली की नजरेच्या दोन्ही कडा अंधारू लागतात.

एकेकाळी डॉक्टरांच्या हाती केवळ एक्स-रे होता. त्यात गाठ दिसत नसे, फक्त रुंदावलेली खोबणी दिसे, आणि तीही गाठ बरीच वाढल्यावर. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि चित्र पालटले. आज सीटीचे काम मर्यादित आहे: नाकावाटे शस्त्रक्रिया करण्यापूर्वी हाडांची रचना पाहणे, किंवा जुन्या पेसमेकरमुळे ज्यांना एमआरआय करता येत नाही त्यांची तपासणी करणे.

खरा भरवसा एमआरआयवर. मात्र येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: डोक्याचा सर्वसाधारण एमआरआय आणि पिट्युटरीचा एमआरआय एक नव्हे. दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ जाड छेदांमध्ये, म्हणजे जाड थरांच्या चित्रांमध्ये, सहज निसटते. म्हणून दोन-तीन मिलिमीटरचे पातळ छेद समोरून आणि बाजूने घ्यावे लागतात. रुग्ण यंत्रात असतानाच हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचे औषध सोडतात आणि पुढची दोन-तीन मिनिटे काही काही सेकंदांनी त्याच जागेची चित्रे पुन्हा पुन्हा घेतात. निरोगी ग्रंथी औषध चटकन शोषून उजळते, गाठ मागे राहते आणि त्या थोड्या अवधीत काळसर ठिपक्यासारखी उठून दिसते. थोड्या वेळाने हा फरक पुसट होतो. त्यामुळे चिठ्ठीवर ‘पिट्युटरी, डायनॅमिक कॉन्ट्रास्टसह’ असे लिहिले आहे ना, हे केंद्रावर जाण्यापूर्वी पाहून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असल्यास ते आधीच सांगावे.

मुंबईत आता जवळजवळ प्रत्येक उपनगरात स्कॅनची सोय आहे, आणि साध्या डोकेदुखीसाठी स्वतःहून एमआरआय करून घेणारेही कमी नाहीत. मला हे फारसे पटत नाही. निरोगी प्रौढांपैकी सुमारे दहा टक्के लोकांच्या पिट्युटरीत त्रास न देणारी बारीक गाठ आढळू शकते, आणि रिपोर्टातला तो एक शब्द वाचून घरभर झोप उडते. दूध आणणारे संप्रेरक प्रोलॅक्टिन, ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल, वाढीच्या संप्रेरकाशी निगडित आयजीएफ-१ यांच्या रक्ततपासण्या आणि मोठ्या गाठीत नजरेची तपासणी यांची जोड मिळाली, तरच त्या चित्राला अर्थ येतो.

उलट प्रसंगही येतो. कुशिंगच्या आजारात, म्हणजे पिट्युटरीच्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल फार वाढते तेव्हा, रक्त स्पष्टपणे पिट्युटरीकडे बोट दाखवते, पण गाठ इतकी सूक्ष्म असते की चांगल्या एमआरआयमध्येही सापडत नाही. अशा वेळी जांघेतील शिरांवाटे बारीक नळ्या एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पाहत पिट्युटरीचे रक्त वाहून नेणाऱ्या शिरांपर्यंत पोहोचवतात आणि तेथील एसीटीएचचे (कॉर्टिसॉल तयार करायला लावणाऱ्या पिट्युटरीच्या संप्रेरकाचे) प्रमाण हातातील रक्ताशी ताडून पाहतात. तेथे ते बरेच अधिक निघाले, तर उगम पिट्युटरीतच आहे असे ठरते. हे काम अनुभवी हातांचे आहे. परळच्या केईएमसारख्या रुग्णालयांत अंतःस्रावी विकारांचा आणि मेंदूशस्त्रक्रियेचा, असे दोन्ही विभाग असल्याने अशा रुग्णांना एकाच आवारात सल्ला मिळू शकतो.

शस्त्रक्रियेनंतरचा एमआरआय साधारणतः तीन महिन्यांनी करतात, कारण त्याआधीची सूज आणि जखमेत भरलेले साहित्य उरलेल्या गाठीचा भास निर्माण करते. त्या दिवशी आधीच्या तपासणीची सीडी सोबत न्यावी. केवळ छापील रिपोर्टावरून दोन चित्रांची तुलना करता येत नाही.