डावा कोपरा

(पडद्यावर: रात्र. अरुंद खोली, भिंतीला टेकवलेल्या ढाली. टीव्हीचा निळा उजेड चेहऱ्यांवर.)

३१ ऑक्टोबर २०२५. दिवाळी होऊन आठवडा उलटलाय. सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका. रस्त्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहायला लागल्यात. गावच्या व्यायाम मंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं मांडीला मांडी लावून बसलीत. मधोमध परातभर भडंग, पण त्यात बराच वेळ कुणाचा हात गेलेला नाही.

दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना संपतोय. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८.

आम्ही इथं आलो होतो ते पोरांच्या सकाळच्या सरावाचं चित्रीकरण करायला. कॅमेरा सहज चालू राहिला, म्हणून पुढचं सगळं हाती लागलं.

पहिलं वाक्य आलं कोपऱ्यातून. साठी ओलांडलेले आबा, डाव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं. ते बोट कुठल्या तरी जुन्या पकडीत गेलंय.

"शादलू असता तर ह्ये झालं नसतं."

झालं. टीव्ही बंद झाला आणि खरा सामना सुरू झाला.

(पडद्यावर: हातवारे करणारी माणसं. आवाज एकमेकांत मिसळलेले.)

मोहम्मदरेझा शादलुई. इराणचा बचावपटू, जागा डावा कोपरा. गावानं त्याचं नाव कधीच शादलू करून टाकलंय. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात भिडले. राखीव क्षेत्राच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यांच्या, नियमावरून खेळ बराच वेळ थांबला आणि शेवटी भारतानं ३३-२९ नं सुवर्ण घेतलं. त्या सामन्यात शादलू समोरच्या बाजूला होता. ह्याच खोलीत त्या दिवशी त्याच्या नावानं बोटं मोडली गेली. दोन दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पलटणीनं त्याला २ कोटी ३५ लाखांना उचललं. एका संघाला लिलावासाठी मिळून ५ कोटींची मर्यादा. त्यातले जवळजवळ निम्मे एका माणसावर!

"तवा मीच म्हणलो व्हतो, येडी झालीत पुण्याची माणसं," ट्रॅक्टरवाला तरुण सांगतो. दुसरा लगेच त्याला अडवतो, "आरं, तू म्हणला न्हाईस. तू पेढं वाटलंस."

पेढे वाटण्यासारखं झालंही. दहाव्या हंगामात पलटण ९६ गुणांसह साखळीत पहिली. शादलूचे पकडीचे ९९ गुण, हंगामात सर्वाधिक. नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार कर्णधार आणि हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणीनं पहिल्यांदा करंडक उचलला. पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले, ते आजही इथं बाटलीची टोपणं मांडून समजावून सांगितलं जातं. हे टोपण उजवा कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू, हा पंकज, आणि हा बघा असा निसटला.

पुढच्याच लिलावात शादलू पलटणीच्या हातून गेला. हरियाणा, २ कोटी ७ लाख. आपल्या जुन्या खेळाडूवर लागलेली शेवटची बोली तेवढ्याच पैशात जुळवून त्याला परत घ्यायची सोय नियमात आहे. त्या सोयीचं नाव इंग्रजी आहे, खोलीत तिला सगळे नुसतं 'कार्ड' म्हणतात. "कार्ड काढायचं व्हतं," हे वाक्य त्या रात्री मी किमान नऊ वेळा ऐकलं.

अकराव्या हंगामात अस्लमचा गुडघा गेला. गतविजेती पलटण ६० गुणांवर, बारा संघांत आठवी. बाद फेरी मात्र पुण्यात, बालेवाडीत! इथली दहा-बारा पोरं तिकिटं काढून गेली होती. आपला संघ नाही, तरी गेली. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्यांनी पाहिलं काय, तर हरियाणानं पाटण्याला ३२-२३ नं लोळवलं आणि पुण्याच्या मैदानावर करंडक नाचवणाऱ्यांत शादलू.

"परत येताना गाडीत कोण बोललं न्हाई," त्यातला एक जण सांगतो. "कराडला चहा प्यायला थांबलो. तितंबी न्हाई."

इथवर आबांची बाजू भक्कम वाटते. मलाही वाटली होती.

(पडद्यावर: एक तरुण उभा राहतो. अंगात बँकेचा गणवेश, वरची दोन बटणं उघडी.)

हा पतसंस्थेत कारकून आहे. सात वर्षं मध्यरक्षक खेळलाय. तो आबांना आबाच म्हणतो, आवाज चढवत नाही, पण हिशेब मांडतो. बाराव्या हंगामाच्या लिलावात शादलूला गुजरातनं घेतलं, २ कोटी २३ लाखांना. तीन वर्षांत तीन संघ, एकूण ६ कोटी ६५ लाख. "आन् गुजरात कुटं हाय, आबा? पहिल्या आठातबी न्हाई. आपण फायनलला."

हे खरं आहे. अठरापैकी तेरा सामने जिंकून पलटण आणि दिल्ली दोघी २६ गुणांवर राहिल्या, वर पलटण. पहिल्या पात्रता सामन्यात दोघांची ३४-३४ बरोबरी, मग प्रत्येकी पाच चढायांच्या टायब्रेकरमध्ये दिल्ली ६-४. तेलुगू टायटन्सला ५०-४५ नं मागं टाकून पलटण पुन्हा दिल्लीसमोर. आणि आज तीन गुणांनी गेली. आदित्य शिंदेनं दहा गुण आणूनही.

"तीन गुण म्हंजे एक लोण वाचला असता तरी झालं असतं," कारकून म्हणतो आणि स्वतःच गप्प होतो. लोणाचे, म्हणजे अख्खा संघ बाद करण्याचे, दोन जादा गुण असतात, तिसरा कुठून आणायचा हे त्याला माहीत असावं.

मग आबा हुकमाचं पान टाकतात. फझल.

फझल अत्राचली, तोही इराणी, तोही डाव्या कोपऱ्याचा. २०२२ च्या लिलावात पलटणीनं त्याला १ कोटी ३८ लाख देऊन आणलं, कर्णधार केलं. त्या हंगामातही पलटण अंतिम फेरीत पोचली आणि मुंबईत जयपूरकडून २९-३३ अशी हरली. मग फझल गेला. आज तो दिल्लीकडून उभा होता.

"आपण सोडायचं, आन् त्यानंच आपल्याला पाडायचं," आबा वाकडं बोट टीव्हीकडे करतात. टीव्ही बंद आहे.

डाव्या कोपऱ्याचं एवढं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. सात जणांची साखळी धरली की तिची दोन टोकं म्हणजे कोपरे. चढाई करणारा आत शिरला की त्याचा घोटा धरायला पहिली झेप टोकाचा माणूस घेतो. ती चुकली की आतला कव्हर उघडा पडतो आणि साखळी तुटते. चांगला चढाईपटू दर गावात एखादा निघतो. चांगला कोपरा तालुक्यात शोधावा लागतो. हे मत आबांचं, पण चार दिवस मैदानाशेजारी बसल्यावर मीही त्याच मताचा झालोय.

खोलीत तिसरीही एक बाजू आहे, तिचा आवाज बारीक आहे. तिचं म्हणणं, खेळाडू राहू द्या, गुरुजी का सोडले? बी. सी. रमेश यांच्या हाताखाली पलटण विजेती झाली. बाराव्या हंगामात ते बेंगळुरू बुल्सकडे गेले, आणि आदल्या वर्षी १९ गुणांवर तळाला असलेले बुल्स साखळीत तिसरे आले. ह्याला उत्तर कुणाकडं नव्हतं. फक्त नव्या प्रशिक्षकाचं नाव घेऊन कुणी तरी म्हणालं, "अजय ठाकूरनं फायनलला न्हेलं की!" आणि तेही खरंच होतं.

(पडद्यावर: भिंतीवरची संघांची चित्रं, कडा पिवळ्या पडलेल्या.)

ह्या सगळ्या वादाखाली एक जुनी ठसठस आहे. हा जिल्हा कबड्डीचा. शेजारच्या कासेगावचे काशिलिंग आडके २०१५ च्या दुसऱ्या हंगामात दबंग दिल्लीकडून खेळले, तेव्हा चढाईच्या गुणांत सगळ्यांच्या पुढं होते. सांगलीचेच नितीन मदने २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात. तेव्हा टीव्ही लावला की आपलं माणूस दिसायचं. आता पलटणीवर जीव टाकायचा तो अस्लम, पंकज, आदित्य ही मराठी नावं आहेत म्हणून. "पण आपल्या पेठेचा, आपल्या वाळव्याचा कोण?" आबा विचारतात. तेव्हा कारकूनही खाली बघतो. बाराव्या हंगामाच्या लिलावात सगळ्यात खालच्या ड गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती. ह्या खोलीतल्या कित्येकांच्या उसाच्या दोन वर्षांच्या बिलापेक्षा ती जास्त असेल.

(पडद्यावर: पहाट. धुकं. फक्कीनं आखलेल्या रेषा.)

सकाळी सहा. रात्रीचं जागरण डोळ्यांत, तरी सगळे मैदानावर. येत्या शनिवारी शेजारच्या गावात रात्रीचे सामने आहेत आणि मंडळाची यादी पक्की व्हायचीय. अडचण एकच. कोपऱ्यावर खेळणारा पोरगा पोलीस भरतीच्या तयारीला पुण्याला गेलाय.

कारकून सुचवतो, अकरावीतला एक पोरगा आहे, बुटका, पण घोट्याला जळूसारखा चिकटतो. त्याला उभा करू. हरलो तर हरलो, घरचं पोरगं तयार होईल.

आबा मान हलवतात. कृष्णेपलीकडच्या गावात एक कोपरा आहे, त्यांनी त्याला दोनदा पाहिलंय. गाडीभाडं, जेवण आणि वर काहीतरी द्यावं लागेल.

"किती?" कारकून विचारतो.

आबा आकडा सांगतात. मैदानावर सगळे हसतात, कारण मंडळाच्या डब्यात तेवढे नाहीत.

"वर्गणी काढा," आबा म्हणतात. "पर त्येला आणा."

बुटका पोरगा रेषेवर उभा आहे. तो ऐकतोय. चढाईला आलेल्या पोरानं 'कबड्डी, कबड्डी'चा दम धरलाय, आणि बुटक्यानं अजून झेप घेतलेली नाही.