खोबरेल तेलाची बाटली आणि ड्रोनची बॅटरी

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे आपल्या मुंबईतही मोरीतल्या फळीवरचं खोबरेल तेल गोठतं. मग कोणी ती बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करतं, कोणी उन्हात ठेवतं. तेल कुठे गेलेलं नसतं. बाटली भरलेलीच असते, पण उपडी केली तरी थेंब पडत नाही. साधारण 24 अंशांखाली हे तेल थिजायला लागतं, त्यासाठी काही हिमालय लागत नाही. आज बोलायचंय कॅमेऱ्याच्या ड्रोनबद्दल, पण तेलापासून सुरुवात केली, कारण ड्रोनची बॅटरी थंडीत अगदी अशीच वागते.

मी परळला राहतो, लग्नांचं चित्रीकरण करतो. मुंबईत ड्रोन उडवायला जागा जवळजवळ नाहीच. इकडे विमानतळ, तिकडे नौदलाची गोदी, पलीकडे तुर्भ्याचं अणुकेंद्र, आणि वर पोलिसांचे मनाई आदेश निघतात ते वेगळे. त्यामुळे माझा सगळा सराव कर्जतकडच्या एका शेतात, घामाने निथळत झालेला. थंडी यंत्राला लागते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मग एका जानेवारीत डोंबिवलीच्या एका जोडप्याबरोबर मनालीला गेलो. सकाळचे साडेसात, पारा शून्याच्या खाली. बॅटऱ्या रात्रभर गाडीच्या डिकीत. पडद्यावर आकडा मात्र 100 टक्के. मी खूश. ड्रोन वर नेला, दरीवर नेला, एक झोकदार वळण घ्यायला वेग वाढवला, आणि 52 टक्क्यांवर पडदा लाल! ड्रोन आपणहून खाली यायला लागला. मी रिमोटच्या काड्या ओढतोय, तो ऐकेना. देवदारांच्या मागे बर्फात गडप झाला. दीड तास आम्ही शोधत होतो. नवरदेव शेरवानीत, गुडघाभर बर्फात. शेवटी ड्रायव्हरला तो सापडला.

झालं काय होतं? या लिथियमच्या बॅटरीत वीज म्हणजे आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची, इकडून तिकडे ये-जा. थंडीत ती मंदावते आणि बॅटरीचा आतला रोध वाढतो. ड्रोन एका जागी शांत तरंगत असेल तर निभावतं. पण मोटरींनी एकदम जोर मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं. बॅटरीतल्या एका भरलेल्या सेलचं व्होल्टेज साधारण 4.2 असतं, आणि ते ठरावीक रेषेखाली गेलं की ड्रोन टक्के बघत बसत नाही, उतरायलाच लागतो. तेल बाटलीतच होतं, थिजलं होतं.

म्हणून आता माझ्या बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात असतात. हॉटेलवाल्याकडून गरम पाण्याची पिशवी मागून घेतो, ती टॉवेलात गुंडाळून बॅटऱ्यांच्या बॅगेत ठेवतो. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर मात्र कधीही नाही. बॅटरी 20 अंशांच्या आसपास ऊबदार झाली की मगच आत बसवायची. वर गेल्यावर पहिलं मिनिटभर डोक्याएवढ्या उंचीवर नुसतं तरंगू द्यायचं, तेवढ्यात ती स्वतःच्या कामाने तापते. पुढेही हिसके नाहीत, वेग हळूहळू वाढवायचा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे परतताना वारा पाठीशी असतो. आणि 40 टक्के राहिले की परत. आपल्याला 20 ची सवय असते, ती कर्जतला ठेवून यायची.

आणखी एक. उतरवलेली गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा धातूसारखा थर बसतो. तो परत विरघळत नाही, बॅटरीचं आयुष्य खातो आणि पुढे धोकाही होतो.

बर्फावरून उड्डाण घेणं हे वेगळंच प्रकरण. ड्रोनच्या पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा बघून स्थिर राहतो. सगळीकडे पांढरंफेक असलं की त्याला पकडायला काही नसतं, मग तो भरकटतो. शिवाय पंख्यांनी उडवलेला भुसभुशीत बर्फ मोटरीत जातो. म्हणून मी टॅक्सीतलं काळं रबरी पायपुसणं मागून घेतो आणि ड्रोन त्यावरून उडवतो. ड्रायव्हर हसतात, पण देतात. कॅमेराही बर्फाला फसतो, चित्र करडं काढतो, म्हणून उजेडाची मात्रा थोडी वाढवून ठेवायची.

धुक्यात उडवायचंच नाही. शून्याखालच्या धुक्यातले थेंब पात्याला लागताच गोठतात, पात्याचा आकार बिघडतो आणि उचल जाते. वरच्या वर काय चाललंय ते खालून दिसतही नाही. मनालीच कशाला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण पडतात तेव्हाही पाती हातात घेऊन तपासा, थंडीत प्लास्टिक कडक होतं, बारीक चीर पुढे वाढते.

नियमांचं थोडक्यात: 2021 च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आहेत. हिरव्यातही साधारण 120 मीटरच्या वर जायचं नाही. निघण्याआधी नकाशा बघा, तिथल्या पोलिसांनाही विचारा. आणि विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, सामानात टाकायच्या नाहीत.

आता राहिलं खोलीवर परत येणं. बाहेरचा गार ड्रोन ऊबदार खोलीत उघडला की त्याच्यावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. म्हणून बाहेर असतानाच तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं, आणि खोलीत दोन तास तरी हात लावायचा नाही. त्या पहिल्या सकाळी मला हेही ठाऊक नव्हतं. बर्फातून काढलेला ड्रोन कौतुकाने थेट हीटरपाशी उघडला आणि लेन्सच्या आतून धुकं धरलं. डोंबिवलीच्या त्या जोडप्याचा सूर्यास्त मग मी मोबाइलवर काढला.