सोनोग्राफी चांगली आली, पण रक्ताचं काय?

नमस्कार मंडळी. तपासणीला आलेली सून खुर्चीत टेकायच्या आधीच सांगते, "डॉक्टर, सोनोग्राफी चांगली आली हो!" मागे उभ्या सासूबाई समाधानाने मान हलवतात. आणि मी विचारते, "रक्ताचा कागद कुठाय?"

सोनोग्राफीत हृदय दिसतं, पाठीचा कणा दिसतो. बीटा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार, दिसत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन निराळं असतं, त्याला या दोषाची झळ लागत नाही. बाळ जन्मतं ते गुटगुटीत. सहा महिन्यांनंतर मोठ्यांचं हिमोग्लोबिन तयार व्हायची वेळ येते, तेव्हा बाळ फिकं पडू लागतं. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, शिवाय अंगात साठणारं लोह काढायची औषधं, तीही जन्मभर. अल्फा थॅलेसेमियाच्या सर्वांत गंभीर प्रकारात मात्र सोनोग्राफीत बाळाच्या अंगात पाणी आणि जाड झालेली वार दिसते. पण तो आपल्याकडे विरळा.

आई किंवा वडील या दोषाचे नुसते वाहक असतील, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही, तर त्यांना पत्ताही नसतो. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, आणि घरचे म्हणतात, ही पालेभाजीच खात नाही! साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, तांबड्या पेशी लहान दिसल्या की एचपीएलसी करायची; ती हिमोग्लोबिनचे प्रकार मोजते. त्यात एचबीए2 हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला, तर बहुधा ती वाहक. मग नवऱ्याची तपासणी. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याचा चारात एक धोका. पहिलं मूल ठणठणीत आहे म्हणून दुसरं सुटलं, असं नाही.

आता खरी अडचण. नवरा मुंबईला. "गणपतीत येतील तेव्हा बघू." अहो, गणपती येईपर्यंत पाचवा महिना लागतो! बाळाला आजार आहे का ते बघायला वारेचा नमुना घ्यायचा तो 11 ते 14 आठवड्यांत, गर्भजल घ्यायचं ते सोळाव्यानंतर. सोनोग्राफी तिथे लागते, पण सुई कुठे जाते ते बघायला. पुढे काय करायचं ते नवराबायकोने ठरवावं, पण ठरवायला हातात आठवडे हवेत. मुलगा की मुलगी, हे मात्र त्यात कुणी सांगणार नाही. विचारूही नका.

परळला केईएमच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे, गर्भाची ही तपासणी तिथे होते. म्हणजे चाकरमान्याला गावी यायचीही गरज नाही. आज रात्री फोन कराल तेव्हा सांगा: कामावर जाताना लॅबमध्ये रक्त देऊन जा, उपाशी राहावं लागत नाही, आणि रिपोर्ट मोबाईलवर पाठवा.