जक्कलची गोष्ट प्रकाश हेगडेपासून सांगा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जक्कल: आयुष्य आणि गुन्हे', म्हणजे पुण्यात १९७६-७७ मध्ये दहा खून करणाऱ्या टोळीतला राजेंद्र जक्कल, तो सांगणारच आहे, पण ही केस आपण जोशी-अभ्यंकर म्हणून ओळखतो ना, तिथूनच माझी तक्रार सुरू होते. पहिला खून ना जोशींच्या घरात ना अभ्यंकरांच्या. पहिला प्रकाश हेगडेचा, जानेवारी १९७६. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातला ह्या टोळीच्याच ओळखीचा पोरगा, वडिलांचं कॉलेजमागे हॉटेल. कर्वे रोडवरच्या जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला आणि 'मी घर सोडून चाललो' अशी वडिलांच्या नावाची चिठ्ठी त्याच्याच हातून लिहून घेतली. मग नायलॉनच्या दोरीने गळा आवळला, पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला. वडिलांकडे पैशाची मागणी गेली त्यानंतर!

मला बोलायचंय ते ह्या चिठ्ठीवर. अक्षर पोराचं म्हणजे मर्जी पण पोराची, असं आपण धरून चालतो. आपल्या अमळनेरकडचीच गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा गायब, घरात चिठ्ठी, कामाला जातो शोधू नका. पोलीस ठाण्यात गेले तर उत्तर काय, स्वतः लिहून गेलाय, येईल. माय बिचारी एकच सांगत होती, "माले इचार्‍याशिवाय मना पोऱ्या कोठेबी जात नई." आणि तिने दाखवलं की कागद लाल रेघेच्या हिशोबाच्या वहीचा आहे, आमच्या घरात असली वहीच नाही! कुणी बघितलं नाही. सुरतला सापडला शेवटी, मजूर नेणाऱ्या एका मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली होती, चिठ्ठी त्यानेच समोर बसवून लिहून घेतलेली. म्हणून सांगतो, अठराच्या आतलं मूल हरवलं तर २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने गुन्हा नोंदवतात, पण अठराच्या वर असला की नुसती हरवल्याची नोंद. प्रकाश कॉलेजातलाच होता, असली पोरं बहुतेक अठराच्या वरचीच असतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, ही मात्र मर्जीनेच लिहिलेली दिसते. आता पटापट सांगतो. ३१ ऑक्टोबर १९७६, जोशी कुटुंबातले तिघं. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या घरी पाच जण, त्यात संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे वृद्ध काशिनाथशास्त्री, आणि मोलकरीण सकुबाई, तिचं नाव तरी कुणी घेतं का? मार्च १९७७ मध्ये अनिल गोखले, शिडीला बांधून नदीत टाकला, पण प्रेत वर आलं आणि टोळी पकडली गेली. एकूण दहा. त्यांच्यातलाच सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे माफीच्या बदल्यात बाकीच्यांविरुद्ध साक्ष दिली. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह यांना सप्टेंबर १९७८ मध्ये फाशीची शिक्षा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचे अर्ज सगळं होऊन २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी. चांडकला माफी द्यायला हवी होती का, ह्यावर मला खूप बोलायचंय, ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, मी खाली चहाजवळ आहे.