खिशातल्या दोन गोळ्या

मागच्या वर्षी साठीतले एक गृहस्थ तपासणीला आले. साखर, रक्तदाब, सगळं बोलून झालं. उठले, दाराच्या कडीला हात लावला आणि परत वळले. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. नावाचा भाग कात्रीने कापलेला. “मित्राने दिलीय. घेतली तर चालेल ना, डॉक्टर?” त्याच खिशात, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळीही होती. ते पाहून मला घाम फुटला. आज तुमच्यासमोर ताठरतेचा आणि तिच्या गोळ्यांचा हा विषय मी मागून घेतला, तो त्यांच्यामुळे.

ताठरता येते कशी, ते आधी पाहू. शिश्नात हाड नसतं. आत स्पंजासारख्या दोन नळकांड्या असतात आणि त्यातले स्नायू एरवी आवळलेले असतात, त्यामुळे रक्त बेतानेच येतं. इच्छा जागी झाली की मज्जातंतूंची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्यातून पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन तयार होतं आणि स्नायू सैल पडतात. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं, की ताठरता येते ती सैल पडण्यातून. स्पंज रक्ताने फुगतो, बाहेरच्या चिवट आवरणाखाली शिरा दाबल्या जातात आणि आलेलं रक्त आतच अडतं. “आज जमेल ना?” ही धास्ती घेतली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि तेच स्नायू पुन्हा आवळतात. झोपेत, पहाटे ताठरता नीट येत असेल, तर बिघाड बहुधा नळकांड्यांत नसून काळजीत असतो.

सायक्लिक जीएमपी मोडायला पीडीई-५ नावाचं एन्झाइम तिथेच बसलेलं असतं. सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायाग्रा) किंवा टाडालाफिल या ताठरतेच्या गोळ्या त्याला अडवतात, इतकंच. मोरीला बोळा लावला तर पाणी साठतं; पण नळ सोडलाच नाही तर साठणार काय? इच्छा नसेल तर गोळी काही करत नाही. फायझर कंपनी इंग्लंडमधल्या सँडविच गावी सिल्डेनाफिल तपासत होती ते हृदयाच्या दुखण्यासाठी. तिथे फारसा उपयोग दिसेना, पण चाचणीतले पुरुष वेगळाच परिणाम सांगू लागले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं.

आता त्या खिशाकडे या. जिभेखालची गोळी म्हणजे नायट्रेट. तीही नायट्रिक ऑक्साइडच वाढवते, म्हणजे नळ पूर्ण सोडते. वर मित्राच्या गोळीने मोरीला बोळा. सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट नको. छातीत दुखून दवाखान्यात पोचलात, तर आधी हे सांगा. लाज तिथे बाहेर ठेवा.

गोळी चालत नसेल तर शिश्नात द्यायचं इंजेक्शन आहे, व्हॅक्यूम पंप आहे, शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट आहे. पण नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. अशा कित्येक ‘वनस्पतीच्या’ पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडलं आहे.

शिश्नाच्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार. साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांनी अस्तर खराब होऊ लागलं की बारीक वाहिनी आधी तक्रार करते, पुष्कळदा छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी.

त्या गृहस्थांना मी खाली बसवलं आणि विचारलं, हा त्रास कधीपासून? “चार वर्षं झाली.” छातीत दुखणं सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मधल्या काळात माझ्यासकट तीन डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं. कोणीच विचारलं नव्हतं. आता साखरेच्या प्रत्येक पुरुष रुग्णाला मी स्वतःहून विचारतो, तो दाराकडे वळायच्या आधी.