टिअरड्रॉप कॅम्पर अपग्रेड: आधी वजनकाटा, मग ड्रिल

[कॅमेऱ्यासमोर, मागे ट्रेलर]

नमस्कार मंडळी. माझ्या मागे उभा आहे तो टिअरड्रॉप कॅम्पर. पुढून गोल, मागे निमुळता होत गेलेला, पाण्याच्या थेंबासारखा. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, मागचं झाकण उचललं की ओटा. हा आकार 1930च्या दशकात अमेरिकेत रुजला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये असे कितीतरी ट्रेलर स्वतः बांधले. अनेकांची रुंदी 4 फूट आणि लांबी 8 फूट असते, कारण प्लायवूडची अख्खी शीट तेवढीच येते.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "पहिलं काय बसवू? फ्रिज, सोलर की हीटर?" माझं उत्तर दरवेळी तेच असतं. आधी ट्रेलरचं वजन करा. एवढ्या छोट्या ट्रेलरमध्ये बसवलेली प्रत्येक वस्तू दोन गोष्टी करते: तोल हलवते आणि पाण्याला आत यायला एखादी वाट उघडते. फ्रिज आवडला नाही तर काढून टाकता येतो. पण रस्त्यावर डोलणारा ट्रेलर आणि आतून कुजलेलं प्लाय यांची दुरुस्ती एवढी सोपी नसते.

[ट्रेलरच्या पुढच्या दांडीजवळ]

ही दांडी. गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या हिचच्या गोळ्यावर ही दांडी जेवढा भार टाकते, त्याला टंग वेट म्हणतात. सर्वसाधारण नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार इथे पडला पाहिजे. काही गाड्यांना आणि हिचना कंपनीने त्याहून कमी मर्यादा दिलेली असते. तसं असेल तर तीच मर्यादा पाळायची, पण तिच्या शक्य तितकं जवळ राहायचं.

हा भार कमी पडला की काय होतं? बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ झाली म्हणतात. इथेही तेच होतं, फक्त वेग कितीतरी जास्त असतो. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा एक झोत आला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होत जातो. असं झालं तर घाबरून गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरला वेगळे ब्रेक असतील आणि ते हाताने लावता येत असतील तर फक्त तेच लावा.

[जमिनीवर बाथरूमचा वजनकाटा]

मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. काट्यावर लाकडाचा तुकडा उभा करायचा, त्याची उंची अशी घ्यायची की दांडी टेकल्यावर ट्रेलर समतल राहील. मग जॅक हळूहळू खाली आणून दांडी त्या लाकडावर टेकवायची. ट्रेलर प्रवासाला निघताना जसा भरलेला असतो, तसाच हवा. पाणी, भांडी, गॅस, अंथरूण, सगळं आत. एकूण वजन मात्र धर्मकाट्यावर जाऊनच घ्या, कारण ते कंपनीने ट्रेलरच्या प्लेटवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या आत आहे का, हेही त्याच वेळी कळतं.

आता एक हिशोब. माझ्यासोबत कागदावर करा.

समजा ट्रेलर 600 किलो आहे आणि टंग वेट 66 किलो, म्हणजे 11 टक्के. छान. हिचच्या गोळ्यापासून ॲक्सलपर्यंतचं, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यापर्यंतचं अंतर 240 सेंटीमीटर. तुम्ही मागच्या ओट्याखाली 40 लिटरची पाण्याची टाकी बसवली, ॲक्सलच्या 120 सेंटीमीटर मागे. 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो. 40 गुणिले 120, भागिले 240. उत्तर 20. म्हणजे दांडीवरचे 20 किलो उचलले गेले. आता एकूण वजन 640, टंग वेट 46, जेमतेम 7 टक्के.

पुढे तुम्ही दांडीवरची 28 किलोची जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून 12 किलोची लिथियम बसवता. वजन कमी झालं म्हणून आपण खूश असतो. पण ते कमी झालं कुठे? ॲक्सलच्या 180 सेंटीमीटर पुढे. 16 गुणिले 180, भागिले 240, म्हणजे दांडीवरचे आणखी 12 किलो गेले. आता 624 किलोच्या ट्रेलरचं टंग वेट 34 किलो, साडेपाच टक्क्यांच्या आत.

दोन्ही बदल चांगले होते. दोन्ही मिळून ट्रेलर धोकादायक झाला, आणि नुसतं बघून हे कळायला काही मार्ग नाही.

यावर उपायही हाच हिशोब सांगतो. तेच पाणी मागे न ठेवता ॲक्सलच्या 60 सेंटीमीटर पुढे, केबिनच्या जमिनीवर कॅनमध्ये पट्ट्याने बांधून ठेवलं, तर टंग वेट परत 64 किलोवर येतं. एक पैही न घालता. म्हणून माझ्या ट्रेलरमध्ये कायमची टाकी नाही, 10-10 लिटरचे चार कॅन आहेत. मुक्कामाला पोचलं की उचलून मागे न्यायचे.

उलट बाजूचीही काळजी घ्या. भार फारच पुढे गेला तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते.

[मागचं झाकण उघडते, बिजागरीचा क्लोज-अप]

आता पाणी. मी हा ट्रेलर वापरलेला घेतला. आधी कुणीतरी या ओट्याच्या वर एक छोटा दिवा लावला होता. दोन स्क्रू, एक वायरचं छिद्र, भोवती सिलिकॉन. बाहेरून अगदी नीटनेटका दिसायचा. एकदा पावसानंतर भांडी काढताना मला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. दिवा काढला आणि तिथे आरी टोचून बघितली, तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. आतली फळी उघडल्यावर दोन वीत रुंदीचं प्लाय काळं पडलेलं होतं. दोन स्क्रूंच्या छिद्रांमधून झालेलं ते नुकसान होतं. त्या दिवसापासून मी एकही स्क्रू थेट प्लायमध्ये मारत नाही.

मी काय करते ते आता जवळून बघा.

[टेबलावर प्लायचा तुकडा]

मला 4 मिलीमीटरचा स्क्रू बसवायचा आहे. मी छिद्र पाडते 10 मिलीमीटरचं. मागच्या बाजूला टेप लावते आणि त्या छिद्रात दाट केलेलं एपॉक्सी (दोन द्रव मिसळून केलेला, प्लास्टिकसारखा कडक होणारा गोंद) भरते, कडेपर्यंत, हवेचा बुडबुडा राहणार नाही असं. पूर्ण कडक होऊ देते, घाई नाही. मग त्या एपॉक्सीच्या बरोबर मध्यात 3 मिलीमीटरचं छिद्र. आता स्क्रूच्या आट्या लाकडात नाही, एपॉक्सीत बसतात. कधी सीलंटने, म्हणजे फट बंद करणाऱ्या लेपाने, दगा दिलाच, तरी पाणी त्या प्लास्टिकच्या बुचापाशी थांबतं, लाकडापर्यंत पोचत नाही. लाकडी होड्या बांधणारे हीच पद्धत वापरतात.

छतावरच्या पंख्यासाठी किंवा खिडकीसाठी मोठा चौकोन कापला तर त्याच्या कापलेल्या कडेवर पातळ एपॉक्सीचे दोन-तीन हात मारा. पहिला हात कड अक्षरशः पिऊन टाकते. पावसाचं पाणीही तिने असंच प्यायलं असतं.

आणि सीलंट. खिडकीच्या किंवा कडेच्या पट्टीच्या खाली लावायला ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची टेप घ्या. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, ट्रेलर रस्त्यावर पिळला जातो तेव्हा ताणली जाते पण सुटत नाही. स्क्रू आवळले की कडेने थोडी बाहेर येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायचे, कारण ती हळूहळू दबते. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाका. सिलिकॉन मी ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला लावत नाही. त्याच्या थरावर रंग धरत नाही, दुसरं सीलंट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. गळती झाली की सगळं खरवडून काढावं लागतं.

बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर साध्या लोखंडी स्क्रूंना हातही लावू नका. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. स्टेनलेसचे घ्या, आणि त्यांच्या आणि पत्र्याच्या मध्ये ब्यूटिल राहील असं बघा.

[आत, बॅटरीच्या पेटीशी]

विजेचा भाग. बॅटरी किती मोठी हवी, हे दुसऱ्याच्या व्हिडिओवरून ठरवू नका, माझ्याही नाही. तुमच्या एका दिवसाची बेरीज करा. 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण हवेत दिवसाला 300 ते 500 वॉट-तास घेतो, उन्हाळ्यात वरच्या टोकाला. छताचा पंखा हळू वेगावर रात्रभर चालला तर 40-50. एलईडी दिवे 20-25. दोन फोन 30. म्हणजे 500 धरून चला. 100 अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत 1200 वॉट-तास असतात, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मेच वापरायचे. म्हणजे एक दिवस. तेवढ्याच लिथियम आयर्न फॉस्फेटमधून 1100 पर्यंत सहज मिळतात, म्हणजे दोन दिवस. मात्र लिथियमला 0 अंशाखाली चार्ज करायचं नाही, सेल कायमचे खराब होतात. थंड भागात जाणार असाल तर तिच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीला जपणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये, ते संरक्षण आहे का, हे विकत घेण्याआधी बघा. गाडीतून चार्ज करायचं तर मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, म्हणजे गाडीची वीज या बॅटरीला योग्य दाबाने देणारं यंत्र.

एक तक्रार मी खूप वेळा ऐकते: "बॅटरी भरलेली आहे, तरी फ्रिज बंद पडतो." बहुतेक वेळा दोष वायरचा असतो. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत 5 मीटर जाणं आणि 5 मीटर येणं, 1.5 चौरस मिलीमीटरची वायर आणि 5 अँपिअर प्रवाह, तर वाटेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब हरवतो. फ्रिजला वाटतं बॅटरी उतरली, आणि तो स्वतःला बंद करतो. तीच वायर 4 चौरस मिलीमीटरची घेतली तर तोटा 0.2 व्होल्टच्या आसपास राहतो.

आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो फ्रिजजवळ लावला आणि मधली वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी त्या वायरमधून शेकडो अँपिअर ढकलेल. तुम्ही त्याच खोक्यात झोपलेले असता.

सोलरबद्दल थोडक्यात: 100 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 300 ते 400 वॉट-तास देतं. छतावर कायमचं बसवलं तर ट्रेलर उन्हात लावावा लागतो. मी घडीचं पॅनेल लांब वायरने उन्हात ठेवते आणि ट्रेलर झाडाखाली. छताला चार छिद्रंही वाचतात.

[चाकापाशी वाकून]

टायरवर ही चार अंकांची खूण बघा. 2319. म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी असली तरी पाच-सहा वर्षांनी मी बदलते. ट्रेलर उंच करायचा असेल तर स्प्रिंगच्या वरचा ॲक्सल स्प्रिंगखाली घेण्याआधी हिचची उंची मोजा, नाहीतर ट्रेलर नाक खाली करून चालेल आणि टंग वेटही बदलेल. चाक काढून बसवलं की पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळा, आणि दोन्ही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांना, हात लावून बघा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर त्या चाकाचं बेअरिंग तपासून घ्या.

शेवटची गोष्ट हवेची. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतात. या एवढ्याशा जागेत ते थंड भिंतीवर आणि गादीच्या खाली जाऊन बसतं. म्हणून कडाक्याच्या थंडीतही पंखा हळू चालू आणि समोरची खिडकी दोन बोटं उघडी. गादीखाली पट्ट्यांची चौकट किंवा हवा खेळेल अशी जाळी. आत शेगडी पेटवायची नाही, ऊब हवी म्हणूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म डोक्याच्या बाजूला लावा. गॅसचा सिलिंडर बाहेर, दांडीवर. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आणि इथे जमिनीलगत आपण झोपतो.

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी एक रात्र घरासमोरच ट्रेलरमध्ये झोपा, दोघंही, दारं लावून. सकाळी उठल्याबरोबर गादी उभी करा आणि खालच्या फळीवर तळहात फिरवा. ओल लागली तर खिडकी आणखी एक बोट उघडा, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा झोपून बघा.